काचेतले तळे

(घरात मासे पाळण्याची हौस पुष्कळांना असते. पण मासे आणले आणि आठ दिवसांत मेले, असा अनुभवही पुष्कळांना येतो. असे का होते? थोड्या खर्चात वनस्पतींचे मत्स्यालय कसे तयार करावे? लेखकाने या पाठात ही माहिती आपल्या अनुभवासह सांगितली आहे.)

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिथे मोठा हौद आहे. हौदाच्या काठावर उभे राहिले, की मुले आधी पाण्यात मासे शोधू लागतात. 'हौद' हा शब्द तुमच्या ओळखीचा वाटतो ना? तुम्ही उर्दूत 'हौज' म्हणता, तोच मराठीत 'हौद' झाला.

आज आपण असाच एक छोटा हौद तयार करणार आहोत. पण तो दगडाचा नाही, काचेचा. त्याला मराठीत 'मत्स्यालय' म्हणतात. मत्स्य म्हणजे मासा आणि आलय म्हणजे घर. विद्यालय या शब्दातही हेच आलय आहे. आपल्या मत्स्यालयात नुसते मासे नसतील. त्यात माती असेल, वाळू असेल, हिरव्यागार वनस्पती असतील. थोडक्यात, ते एक लहानसे तळेच असेल.

आधी मी माझी चूक सांगतो. मी आठवीत होतो. ईदीचे पैसे जमले होते. मी आणि माझी धाकटी बहीण बाजारात गेलो. काचेचा एक गोल चंबू घेतला, रंगीत खडे घेतले आणि चार गोल्डफिश घेतले. घरी येताच चंबू नळाच्या पाण्याने भरला आणि मासे त्यात सोडले. पाणी अगदी आरशासारखे स्वच्छ दिसत होते. तिसऱ्या दिवशी एक मासा पाण्यावर तरंगताना दिसला. आम्ही दुकानदाराकडे धावत गेलो. तो म्हणाला, "रोज सगळे पाणी बदला, खडे चांगले घासून धुवा." आम्ही तसेच केले. आठव्या दिवशी चौथा मासाही मेला. बहीण दोन दिवस नीट जेवली नाही. अम्मीने तो चंबू उचलून माळ्यावर ठेवला.

आमचे काय चुकले, ते मला फार उशिरा कळले. आम्ही माशांना खायला कमी दिले नव्हते, उलट जास्तच दिले होते. पाणीही घाण दिसत नव्हते. पण पाणी स्वच्छ दिसणे वेगळे आणि ते माशाला राहण्याजोगे असणे वेगळे. हा फरक आता नीट समजून घ्या. हा समजला, की पुढचे सगळे सोपे आहे.

मासा खातो, तसा तो मलमूत्रही टाकतो. शिवाय त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचा पदार्थ पाण्यात मिसळत असतो. उरलेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण माशांसाठी ते विषच आहे. मोठ्या तळ्यात पाणी भरपूर असते, म्हणून हे विष विरून जाते. लहान चंबूत ते कोठे जाणार?

निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही माशांना घातकच असते. मग दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोडे असेल तर माशांना त्रास होत नाही, आणि वनस्पती तर ते खत म्हणून वापरतात. वनस्पती अमोनियासुद्धा शोषून घेतात. म्हणजे माशाची घाण हे वनस्पतीचे अन्न झाले. हे जीवाणू वाळूवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. पण नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. त्यांची वस्ती वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी मासे सोडले आणि जे थोडेफार जीवाणू वाढले असते, तेही रोज खडे घासून धुऊन टाकले. शिवाय नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा विचारही आम्हांला शिवला नव्हता.

मासे आणि वनस्पती यांची ही जोडी काही आजची नाही. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली. सुरुवातीला सारे ठीक चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी बिघडू लागले. मग त्यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले. 1850 साली त्यांनी हा प्रयोग विद्वानांपुढे मांडला. तीनच वर्षांनी, 1853 साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. गंमत अशी, की ज्या गोगलगाईला आज मत्स्यालय पाळणारे लोक उचलून फेकतात, तिनेच तेव्हा ते भांडे वाचवले होते!

आता कामाला लागू या.

प्रथम टाकी. गोल चंबू घेऊ नका. तो दिसायला छान असतो, पण त्यात पाणी थोडे मावते आणि वनस्पती नीट लावता येत नाहीत. काचेची चौकोनी टाकी घ्या. लांबी 45 सेंटिमीटर, रुंदी 30 सेंटिमीटर आणि उंची 30 सेंटिमीटर असली, तरी पुरे. काचकाम करणारा कारागीर अशी टाकी स्वस्तात करून देतो. कोणाच्या घरी जुनी टाकी पडून असेल, तर तीच मागून घ्या. जुनी टाकी साबणाने मात्र धुऊ नका. साबणाचा अंश राहिला, तर माशांना अपाय होतो. मीठ लावून घासा आणि साध्या पाण्याने चार वेळा धुवा. मग अंगणात ठेवून काठोकाठ भरा आणि एक दिवस तशीच राहू द्या. कोठे गळत असेल, तर ते घरातल्या गालिच्यावर कळण्यापेक्षा अंगणात कळलेले बरे!

ही टाकी ठेवायची कोठे? जरा गणित करू. 45 × 30 × 30 म्हणजे 40,500 घनसेंटिमीटर, म्हणजेच साडेचाळीस लिटर. त्यात खाली माती आणि वाळू येईल, वर थोडी जागा रिकामी राहील. म्हणून पाणी सुमारे 28 लिटर मावेल. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. पाण्याचे 28, ओल्या माती-वाळूचे 13-14 आणि काचेचे 7 किलोग्रॅम धरले, तर सगळे मिळून सुमारे 50 किलोग्रॅम होतात. म्हणजे सिमेंटचे एक भरलेले पोतेच! डुगडुगणाऱ्या तिपाईवर सिमेंटचे पोते कोणी ठेवील का? म्हणून मजबूत टेबल किंवा भिंतीतला दगडी कट्टा शोधा. टाकीखाली थर्माकोलचा तुकडा घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखे पडते आणि काच तडकत नाही. टाकी एकदा भरली, की ती हलवायची नाही. आणि खिडकीतले थेट ऊन तिच्यावर पडता कामा नये. ऊन पडले, की चार दिवसांत पाणी हिरवे होते आणि काचेवर शेवाळ चढते.

आता माती. दुकानात मत्स्यालयासाठी खास माती मिळते, पण ती महाग असते. आपल्या बागेतली किंवा शेताच्या बांधावरची साधी माती चालते. तिच्यात शेणखत, रासायनिक खत किंवा कीटकनाशक नको. मी म्हणेन, कुंडीतली माती घेऊच नका, तिच्यात कोणी काय टाकले असेल ते सांगता येत नाही. माती चाळून काड्या, मुळ्या आणि खडे काढून टाका. आपल्या भागातली काळी माती फार चिकट असते. तीच घ्यायची असेल, तर दोन वाट्या मातीत एक वाटी वाळू मिसळा. टाकीच्या तळाशी या मातीचा 3 सेंटिमीटर थर द्या.

मातीवर वाळूचा 3 सेंटिमीटर थर द्यायचा. वाळू नसेल, तर माती पाण्यात मिसळून सारे गढूळ होईल. बांधकामाची वाळू थोडीशीच लागते. ती बादलीत घालून ढवळा, गढूळ पाणी ओता, पुन्हा पाणी घाला. वरचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा. मला पंधरा वेळा करावे लागले, हात भरून आले. वाळूत किंवा दगडांत चुना असतो का, हेही तपासा. चिमूटभर वाळूवर शिरका टाका. (अम्मीला विचारा, 'सिरका' म्हटले की ती लगेच बाटली देईल.) फेस आला, तर वाळूत चुना किंवा शिंपले आहेत. अशी वाळू पाणी जड करते. ती घेऊ नका.

वनस्पती निवडताना लोक चूक करतात. दुकानात सर्वांत सुंदर, लाल पानांची वनस्पती पाहतात आणि तीच उचलतात. तिला तेजस्वी प्रकाश आणि जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो. तो देणारी यंत्रे आपल्या खिशाला परवडणारी नाहीत. आपण साध्या, काटक वनस्पती घेऊ. मागच्या बाजूला फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया लावा. तिला बाजूने धुमारे फुटतात आणि एका रोपाची दहा रोपे होतात. हायड्रिला तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. तिच्यावर काचेचे नरसाळे आणि परीक्षानळी पालथी ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे गोळा करण्याचा प्रयोग आठवतो ना? हायड्रिला आणि सेरॅटोफायलम या आपल्या देशातल्याच वनस्पती आहेत. त्या भरभर वाढतात आणि म्हणूनच अमोनियाही भरभर शोषतात. नव्या टाकीत यांच्याइतका उपयोग कोणाचाच होत नाही. मध्यभागी क्रिप्टोकोरिन लावा. लावल्यावर तिची पाने गळतात, तेव्हा घाबरून उपटू नका. मुळे शाबूत असतात, नवी पाने फुटतात. जावा फर्न घेतलीत, तर तिचे आडवे खोड वाळूत पुरू नका, ते कुजते. ती दोऱ्याने दगडाला बांधा.

वनस्पती थोड्या थोड्या आणू नका. पहिल्याच दिवशी निम्म्याहून अधिक जागा भरेल एवढ्या लावा. टाकीवर पैसे वाचवा, सजावटीवर वाचवा, पण वनस्पतींवर वाचवू नका. आणलेल्या वनस्पती आधी स्वच्छ धुवा. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे ठेवून पुन्हा धुवा. हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करा, कारण ते औषध हाताला व कपड्यांना डाग पाडते. तळ्यातून वनस्पती आणली असेल, तर पाने उलटून पाहा. चतुराची पिल्ले पाण्यातच वाढतात आणि ती लहान मासे पकडून खातात.

रोपे लावून झाली, की पाणी भरायचे. एकदम बादली ओतू नका. वाळूवर एक ताटली ठेवा आणि तिच्यावर तांब्याने सावकाश पाणी सोडा. पाणी नळाचे असेल, तर ते आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवा. चोवीस तासांत त्यातला बराचसा क्लोरीन उडून जातो. घाई असेल, तर दुकानात क्लोरीन मारणारे औषध मिळते, ते पाकिटावर लिहिलेल्या मापाने वापरा. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्याची फार काळजी करू नका. जड पाण्यात सुखाने राहणारे मासे आहेत, ते पुढे सांगतो.

प्रकाशासाठी 9 वॅटचा पांढरा एलईडी बल्ब पुरतो. तो टाकीच्या वर टांगा आणि रोज एकाच वेळी 6 ते 8 तास चालू ठेवा. जास्त वेळ ठेवला तर वनस्पतींपेक्षा शेवाळाचाच फायदा होतो. हवेसाठी एक लहान पंप आणि त्याला जोडलेली स्पंजाची गाळणी घ्या. दिवसा वनस्पती ऑक्सिजन देतात, पण रात्री त्याही ऑक्सिजन घेतात. म्हणून पंप रात्रीही चालू हवा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. नाहीतर वीज गेली, की टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात येते. विजेच्या तारा जोडण्याचे काम अब्बांना किंवा चाचांना करू द्या. तार प्लगच्या खाली थोडी लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करा. याला एक दिवसाचीही सूट नाही.

विजेचे बिल वाढेल, असे अब्बा म्हणतील. त्यांना हिशेब दाखवा. बल्ब 9 वॅट, 8 तास, म्हणजे 72 वॅट-तास. पंप 3 वॅट, 24 तास, म्हणजेही 72 वॅट-तास. दोन्ही मिळून दिवसाला 144. महिन्याला 4,320 वॅट-तास, म्हणजे सव्वाचार युनिटांच्या आसपास. माझ्या टाकीचा खर्चही मी वहीत लिहून ठेवला आहे. टाकीचे 700 रुपये, बल्ब व होल्डरचे 160, पंपाचे 220, गाळणीचे 120, नळीचे 40, थर्माकोलचे 30, वाळूचे 50, वनस्पतींचे 150 आणि माशांचे 80. एकूण 1,550 रुपये. माती फुकट. तुमच्या गावी भाव थोडे कमीजास्त असतील.

टाकी तयार झाली. आता लगेच मासे? नाही! आता सर्वांत कठीण काम करायचे आहे, ते म्हणजे वाट पाहणे.

निदान तीन ते चार आठवडे टाकी माशांशिवाय राहू द्या. दर दोन दिवसांनी माशांच्या खाद्याची लहानशी चिमूट पाण्यात टाका. ती कुजेल, थोडा अमोनिया होईल आणि जीवाणूंना अन्न मिळेल. मासे नसताना मासे असल्यासारखे वागायचे! या दिवसांत पाणी एकदा दुधट होईल, काचेवर तपकिरी थर येईल, वाळूतून बुडबुडे निघतील. बुडबुड्यांना सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पातळ काडीने वाळू हळूच टोचा. बाकी काहीच करू नका. शेजारची मुले रोज येऊन विचारतील, "मासे कोठे आहेत?" तुम्ही त्यांना नवे पान दाखवा. वनस्पतींना नवी पाने फुटू लागली, पाणी निवळले, की टाकी स्थिरावली असे समजावे.

आता मासे कोणते घ्यावेत? गोल्डफिश नको. तो वीतभर वाढतो, फार घाण करतो आणि कोवळी पाने खातो. आमचा चंबू तर त्याच्यासाठी तुरुंगच होता. शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकर मासाही नको. तो पुढे एक फुटाहून मोठा होतो. 'मिस केरळ' नावाचा सुंदर मासा दुकानात दिसला, तर पाहा आणि पुढे जा. तो आपल्या पश्चिम घाटातल्या नद्यांमधला आहे. त्याच्या शास्त्रीय नावात सह्याद्रीचे नाव आहे, 'सह्याद्रिया'. पण शोभेसाठी तो इतका पकडला गेला, की आज त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते.

आपल्यासाठी गप्पी चांगला. तो मूळचा दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदाद बेटाकडचा. 1866 साली त्रिनिदादहून तो लंडनला पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून त्याला हे नाव पडले. मराठीतल्या गप्पांशी त्याचा काही संबंध नाही! जड पाणी त्याला मानवते. नर रंगीत आणि लहान, मादी मोठी आणि साधी. मादी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, आणि साधारण महिन्याने पुन्हा देते. मोठे मासे पिल्लांना खातात, पण वनस्पती दाट असल्या तर काही पिल्ले लपून वाचतात. टाकी भरून जाऊ नये असे वाटत असेल, तर फक्त नर आणा. गप्पीऐवजी झेब्रा मासा आणलात तरी चालेल. अंगावर निळे पट्टे असलेला हा मासा आपल्याच देशातला आहे. गंगा नदीच्या माशांवर 1822 साली निघालेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांच्या पुस्तकात त्याचे वर्णन आले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळतात. त्याला एकट्याने करमत नाही, सहा जणांचा कळप हवा. तो उडी मारतो, म्हणून टाकीवर झाकण हवेच.

पहिल्या खेपेला तीनच मासे आणा. पिशवी न उघडता वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होईल. मग पिशवीत टाकीतले थोडे थोडे पाणी घाला आणि मासे जाळीने अलगद टाकीत सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. दोन आठवडे सारे ठीक राहिले, तर आणखी तीन आणा. झेब्रा मासा असेल, तर मधला काळ फार लांबवू नका. सहा-सात लहान मासे या टाकीला पुरे. पाहुणे म्हणतील, "एवढ्या टाकीत एवढेच?" म्हणू द्या.

रोजचे काम फार थोडे आहे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत मासे खाऊन संपवतील एवढेच खाद्य द्या. मासा नेहमीच भुकेला दिसतो. काचेपाशी आलात, की तोंड उघडून नाचतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नका! आठवड्यातून एक दिवस उपवास घडला तरी चालतो. सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा घेत असतील, तर समजा, ऑक्सिजन कमी पडतो आहे किंवा पाणी बिघडले आहे. लगेच चौथा हिस्सा पाणी बदला आणि पंप तपासा. एरवीही आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे 7 लिटर पाणी बदला. नळीचे एक टोक टाकीत आणि दुसरे खालच्या बादलीत ठेवले, की पाणी आपोआप खाली येते. पाणी वरून खाली का वाहत राहते, ते विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना विचारा. गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका, जीवाणू मरतील. बादलीत काढलेल्या जुन्या पाण्यातच तो दोनदा पिळा. ते पाणी फेकू नका. आमच्या गच्चीतल्या मोगऱ्याला ते इतके मानवले आहे, की अम्मी आता स्वतःच विचारते, "आज टाकीचे पाणी काढायचे नाही का?"

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. मासे नकोसे झाले किंवा पिल्ले फार झाली, तर ती नदीत, विहिरीत किंवा तलावात सोडू नका. सोडणाऱ्याला वाटते, आपण त्यांना आझाद केले. पण बाहेरून आलेले मासे आपल्या माशांचे अन्न आणि अंडी खातात. दक्षिण अमेरिकेतला तो सकर मासा असाच लोकांनी सोडून दिला. आता तो आपल्या देशातल्या अनेक नद्यांत आणि तलावांत पसरला आहे, आणि त्याच्या काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात. जलपर्णीने भरलेली नदी तर तुम्ही पाहिलीच असेल. तीसुद्धा एके काळी शोभेची वनस्पती म्हणूनच आली होती. जास्तीचे मासे मित्राला द्या किंवा दुकानदाराला परत द्या. छाटलेल्या वनस्पती गटारात न टाकता उन्हात वाळवा आणि कुंडीत घाला.

माझ्या बहिणीचे लग्न झाले, ती आता मालेगावला असते. मागच्या रमजानमध्ये ती आली, तेव्हा टाकीपुढे बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "त्या चौघांना आपण ओळखलेच नाही रे." जाताना मी तिच्या मुलीला व्हॅलिसनेरियाची चार रोपे ओल्या कागदात गुंडाळून दिली. मासे दिले नाहीत. ती हट्ट करू लागली, तेव्हा तिची आईच म्हणाली, "आधी टाकी, मग महिनाभर थांबायचे."

ईदच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावाला जाताना काय करावे, असा प्रश्न राहिलाच. चार-पाच दिवस निरोगी मोठे मासे खाद्याशिवाय सहज राहतात. जाण्याच्या आदल्या दिवशी थोडे पाणी बदला. जास्त दिवस जायचे असेल, तर शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देऊ नका, प्रेमाने ते मूठभर टाकतील. कागदाच्या लहान लहान पुड्या बांधा, प्रत्येक पुडीवर तारीख लिहा आणि तेवढ्याच पुड्या त्यांच्या हाती द्या.

शब्दार्थ

चंबू – अरुंद तोंडाचे गोल भांडे
कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव
निवळणे – गढूळपणा जाऊन स्वच्छ होणे
काटक – कमी सोयींत टिकून राहणारा
धुमारा – नवा फुटवा
देखरेख – लक्ष, निगराणी
मानवणे – प्रकृतीला चांगले वाटणे
आवर्जून – मुद्दाम, खास करून

स्वाध्याय

1. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मत्स्यालय या शब्दाचा अर्थ काय?
(आ) वॉरिंग्टन यांच्या भांड्यातले पाणी कोणी सुधारले?
(इ) गाळणीचा स्पंज कोणत्या पाण्यात पिळावा?

2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाचे पहिले चार मासे का मेले?
(आ) टाकी तयार झाल्यावर लगेच मासे का सोडू नयेत?
(इ) पाळलेले मासे नदीत सोडल्याने काय होते?

3. तुमच्या टाकीची लांबी 60, रुंदी 30 आणि उंची 30 सेंटिमीटर आहे. ती काठोकाठ भरली, तर किती लिटर पाणी मावेल?

4. हौद, शिरका, हिशेब, आझाद, बाजार हे शब्द उर्दूत कसे म्हणतात ते सांगा. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.